नळीत नसलेला सूर

लग्नाला जाताना माणसं खिशात आहेराचं पाकीट ठेवतात. पगारे थर्मामीटर ठेवायचे. ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला, फूटभर लांबीचा. नवरदेव घोड्यावर बसला आणि बँड सुरू झाला, की बाकीची मंडळी नवरदेवाकडे नाहीतर नाचणाऱ्यांकडे बघत. पगारे सरळ बँडमध्ये शिरत. कॉर्नेट वाजवणाऱ्यासमोर उभे राहून त्याच्या वाद्याच्या कर्ण्यात थर्मामीटर खुपसत आणि घड्याळ बघत दोन मिनिटं थांबत. तो बिचारा डोळे मोठे करून वाजवतच राही. मग पगारे वहीत आकडा टिपत आणि जवळ जो कोणी असेल त्याला सांगत, "चौतीस. हवा तापली की सूर चढतो. गणितात बसतंय." जवळ बहुतेक वेळा मीच असे.

मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. पगारे त्याच कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्रयोग करून दाखवणारे आणि मुलांनी फोडलेल्या काचसामानाची यादी माझ्याकडे पाठवणारे. आम्हाला शेजारशेजारची क्वार्टर्स मिळाली होती. दोन-दोन खोल्या आणि मध्ये चार इंची भिंत. बहात्तर सालच्या जूनमध्ये ते राहायला आले तेव्हा त्यांची ट्रंक आत घ्यायला मी स्वतः हात लावला होता. माणूस एकटा आहे, लग्न झालेलं नाही, पोरंबाळं नाहीत, तेव्हा शांतता राहील असा माझा अंदाज. लग्न या विषयात त्यांना फक्त बँडपुरता रस आहे, हे कळायला मला सहा महिने लागले.

बरं, स्वतः काही वाजवत असते तर एक वेळ समजून घेतलं असतं. पगाऱ्यांना साधी शिट्टी येत नव्हती. त्यांचा धंदा निराळा होता. पितळी वाद्याची नळी किती लांब, कुठे किती रुंद, एवढ्या मापांवरून ती कोणकोणत्या सुरांना बोलेल ते कागदावर काढायचं. न वाजवता. मी एकदा चुकून विचारलं की अहो, फुंकून बघितलं तर एका मिनिटात कळेल, मग कागद कशाला? त्यावर त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि दीड तास शिकवलं. चहा विचारला नाही.

"खैरनारसाहेब, नळीतल्या हवेचे मुक्काम ठरलेले असतात," ते म्हणाले. "एसटीसारखं. नाशिकहून निघाली की पिंपळगाव, चांदवड, मालेगाव. मधे तुम्ही कितीही हात करा, थांबत नाही. तसं कॉर्नेटमधल्या हवेचं. ठरावीक सुरांवर ती थरारून उठते, मधल्या सुरांवर ढिम्म. वाजवणारा ओठ घट्ट करतो, सैल करतो, म्हणजे काय करतो? या मुक्कामावरून त्या मुक्कामावर उडी मारतो. कळा दाबल्या की नळी लांब होते आणि सगळे मुक्काम थोडे खाली सरकतात. एवढंच संगीत."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. बाकी फक्त मुक्काम नेमके कुठे, ते काढायचं."

ते "फक्त" चौदा वर्षं चाललं. मनातल्या मनात त्यांनी कॉर्नेटचे एकशे चाळीस तुकडे केले होते, मुळ्याच्या चकत्या करतात तसे. प्रत्येक चकती ही एक छोटी सरळ नळी धरायची. कर्ण्याच्या टोकापासून सुरुवात करायची आणि एकेका चकतीचं गणित करत ओठांपर्यंत यायचं. एवढं केलं की एका सुराचं उत्तर मिळे. हवा इथे उठते की नाही उठते, बस्स. मग पुढचा सूर, पुन्हा एकशे चाळीस चकत्या. लॉगची पुस्तकं, आखीव वह्या, शाईची दौत. एका सुराला एक रविवार लागे. त्या गणितात काल्पनिक संख्या येतात असं त्यांनी मला मोठ्या प्रेमानं सांगितलं होतं. रविवार मात्र खरे होते, आणि त्यांतला अर्धा वाटा माझा होता.

कारण गणित नुसतं लिहून होत नसे. उत्तर आलं की ते ताडून बघायचं. त्यासाठी पगारे एखादी नळी उभी धरून तिच्या तोंडावर तळहात आपटत. टप्. मग कान लावत. पुन्हा टप्. असं चाळीस-पन्नास वेळा, रविवारी दुपारी, मी आमटीभात खाऊन आडवा झालो की नेमकं. त्याच्या जोडीला हूंऽऽ असा एक लांब हुंकार, वर चढत जाणारा, आणि मध्येच थांबून पुन्हा खालून सुरू होणारा. भिंतीवर मी मूठ आपटली की क्षणभर शांतता होई आणि मग आवाज येई, "साहेब, हा भिंतीचा सूर खर्जात आहे."

आमची ही, सुमन, तिचा त्यांच्यावर फार जीव. एकटा माणूस, काय खातो, काय करतो, म्हणून भाजीची वाटी रोज पलीकडे जाई. वाटी परत येताना तिच्या आतून पेन्सिलीनं रेघा मारलेल्या असत. रॉकेलचं नरसाळं गेलं ते आठ दिवसांनी आलं, तेही रेघांसकट. "वहिनी, तुमच्या नरसाळ्याचा आकार फार चांगला आहे," असं ते तिला म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्या कुठल्या वस्तूचं असं कौतुक केलं नव्हतं, हे मला दोन दिवस ऐकावं लागलं.

हे सगळं मी सोसलं. छर्ऱ्याचं प्रकरण मात्र सोसवलं नाही.

नळीची मापं बाहेरून घेता येतात, पण पगाऱ्यांना ती आतून हवी होती. वळणावळणाच्या नळीत पट्टी जात नाही. त्यावर त्यांनी उपाय काढला. पंचवटीतल्या एका सायकलवाल्याकडून चाकातले पोलादी छर्रे आणले, बारीक, मध्यम, मोठे. छर्रा कर्ण्यातून आत सोडायचा आणि वाद्य हळूहळू फिरवायचं. नळी जिथे त्याच्या मापाची होईल तिथे तो अडणार. मग बाहेरून लोहचुंबक फिरवून तो नेमका कुठे अडलाय ते शोधायचं. पितळेला चुंबक चिकटत नाही, पोलादाला चिकटतो. युक्ती चांगली होती हे मीही मान्य करतो. पण वाद्य पाहिजे ना? ते पंचवटीतल्याच रहीमभाई बँडमास्तरांचं.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न होतं आणि बँड रहीमभाईंचा ठरला होता, माझ्याच ओळखीनं. आदल्या दिवशी पगारे त्यांच्याकडे गेले, माझं नाव सांगून कॉर्नेट दोन तासांसाठी मागून आणला आणि संध्याकाळी पोहोचता केला. त्यांनी सगळे छर्रे मोजून परत डबीत ठेवले होते. एक कमी भरला, तो खाटेखाली गेला असेल असं त्यांना वाटलं. तो खाटेखाली गेला नव्हता. मधली कळ दाबून माप घेताना तो त्या कळीच्या वळणात जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. कॉर्नेटवाल्यानं गाणं धरलं. मधली कळ मोकळी असेपर्यंत सूर ठणठणीत, ती दाबली की आवाज बंद. गाण्याचे पुढचे दात पडल्यासारखं झालं. दोन सूर, एक खड्डा, एक सूर, दोन खड्डे. नाचणाऱ्या पोरांचा पाय खड्ड्यात पडायला लागला. माझ्या सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, बँड स्वस्तातला आहे का?" रहीमभाई घामाघूम. ते वाजवणाऱ्यावर ओरडत होते, "अरे फूँक तो लगा, खाया नहीं क्या सुबह से?" आणि पगारे गर्दीतून पुढे येऊन, कान देऊन ऐकत, चेहरा उजळून मला म्हणाले, "सापडला, साहेब. मधल्या कळीत आहे."

संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांच्या दारात उभा राहून जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. सुमननं मुलांना आत नेलं होतं एवढं सांगतो. शेवटी मी म्हणालो, "अहो, तुम्हाला कसला सूर हवाय तो तरी सांगा एकदाचा. जगात इतके सूर आहेत. एक घ्या आणि आम्हाला सोडा."

पगारे उभेच होते. खाली बसले. म्हणाले, "माझे वडील वाजवतात, साहेब. नामपूरला. लग्नाच्या बँडमध्ये, कॉर्नेट."

पाच वर्षं मी त्यांचा शेजारी होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

हळूहळू त्यांनी सांगितलं. वडिलांना ते दादा म्हणत. सहा जणांचा बँड, बागलाणात नाव होतं. मुलगी सासरी निघाली की दादा सगळ्यात शेवटी एक सूर लावायचे. खूप खालचा, लांब, कॉर्नेटमधून येतो यावर विश्वास बसू नये असा. बायका रडायच्या थांबून ऐकायच्या. पगारे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. नळ्यांचं प्रकरण नुकतंच शिकून झालं होतं. ओट्यावर सगळा बँड बसलेला. यांनी पाटी घेतली, आकृती काढली, मुक्काम मांडले आणि सगळ्यांसमोर वडिलांना सांगितलं की दादा, तुमचा तो शेवटचा सूर या नळीत नाही. पहिला मुक्काम त्याच्या बराच खाली, दुसरा बराच वर, मधे काही नाही. तुम्ही काढता तो सूर नव्हे, नुसती ओठांची घरघर. ते गणितात बसत नाही.

"दादा काय म्हणाले?"

"पाटीकडे बघत राहिले. मग 'बरं' म्हणाले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बँड वाजवून मला शिकवलं. मी पाटीवर लिहिलं म्हणजे ते खरंच असणार. त्यानंतर मी गावी असताना तीन लग्नं झाली. तो सूर त्यांनी लावला नाही. शेवट तसाच सोडून दिला."

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही, पण शहाणपण शाबूत होतं. मी म्हटलं, "मग यात एवढं काय आहे? सकाळची एसटी पकडा, नामपूरला उतरा, पाया पडा आणि म्हणा, दादा, चुकलो, वाजवा."

"तसं कसं? मी आकृती काढून नाही म्हणालो होतो. हो म्हणायलाही आकृती लागेल."

"आणि खरंच नळीत तो नसेल तर?"

"मी लहानपणापासून ऐकलाय, साहेब. आहे तो. गणित माझंच कच्चं आहे."

इतका शिकलेला आणि इतका बावळट माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी टप् टप् पुन्हा सुरू झालं. रहीमभाईंनी दार बंद केल्यामुळे आता ते ओझरच्या एका बँडवाल्याकडे जात.

वर्षं गेली. एक्क्याऐंशीच्या सुमारास नामपूरहून एसटीनं कांद्याची गोणी आली आणि तिच्यात, कांद्यांच्या मध्ये, धोतराच्या फडक्यात बांधलेला दादांचा कॉर्नेट. मला वाटलं, पगारे आनंदानं नाचतील. ज्या वाद्याचं गणित करायचं ते शेवटी हातात आलं होतं. ते कॉर्नेट मांडीवर घेऊन बसून राहिले. गोणी घेऊन आलेल्या गाववाल्यानं निरोप दिला होता की म्हाताऱ्याचे पुढचे दात गेले, आता वाजवणं होत नाही, पोराच्या काही कामाचं असेल तर ठेवू दे. मी बाहेरच्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो. म्हटलं, "कवळी बसवता येईल." ते म्हणाले, "कवळीवर नाही वाजत, साहेब. ओठाला मागून आधार लागतो." आणि मग आत जाऊन त्यांनी नवी वही काढली. हे वाद्य वेगळं, म्हणजे एकशे चाळीस चकत्या पुन्हा पहिल्यापासून. त्या रविवारी मी भिंतीवर मूठ आपटली नाही.

सुटका केली ती कॉम्प्युटरनं. शहाऐंशी साली सातपूरच्या एका कारखान्यात पगाऱ्यांचा जुना विद्यार्थी कामाला होता. सुट्टीच्या दिवशी त्यानं यांना तिथल्या यंत्रावर बसू दिलं. ज्या गणिताला एक रविवार लागे ते तिथे चहा निवायच्या आत होत होतं. तिसऱ्या आठवड्यात पगारे कडेला भोकं असलेल्या, घडीघडीच्या कागदाचा गठ्ठा काखोटीला मारून माझ्या ऑफिसातच शिरले. पगारपत्रकं बाजूला सारून त्यांनी तो टेबलावर उलगडला. टेबल संपलं तेव्हा जमिनीवर उलगडला. शिपायाला पाय उचलून चालावं लागत होतं.

"दादांच्या सुरावर मुक्काम नाही," ते म्हणाले. "मी पाटीवर काढलं ते बरोबर होतं."

मला त्यांची दया आली. "म्हणजे सगळं फुकट."

"नाही. इकडे बघा. त्या सुराची दुप्पट, इथे मुक्काम आहे. तिप्पट, इथे आहे. चौपट, इथे. पाचपट, आहे. ते वरचे सगळे एकमेकांशी जुळतात आणि मिळून त्याला धरून ठेवतात. त्याला स्वतःची जागा नाही, तरी तो वाजतो. मी एका वेळी एकच सूर तपासत राहिलो, साहेब. सगळे एकदम कधी बघितलेच नाहीत."

मी जरा विचार करून म्हटलं, "म्हणजे थांबा नसला तरी गाडीतले सगळे प्रवासी मिळून 'उतरायचंय' म्हणाले तर कंडक्टर माळावरही बेल मारतो, तसं?"

पगाऱ्यांनी माझे दोन्ही हात धरले. "खैरनारसाहेब, तुम्हाला फिजिक्स येतं." नोकरीच्या तीस वर्षांत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

पुढच्या रविवारी आम्ही नामपूरला गेलो. आम्ही, कारण कागद लांब होता आणि दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. पगाऱ्यांनी एक नवी कोरी पाटीही घेतली होती. चूक पाटीवर झाली होती, तेव्हा दुरुस्ती पाटीवरच व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. सटाण्याला गाडी बदलली, तिथून पुढे उभ्यानं.

दादा ओट्यावर बसले होते. बारीक अंगाचे, डोक्याला पांढरा रुमाल, गाल आत गेलेले. मागे दारावर बुद्धाची तसबीर. पोरगा आलेला पाहून त्यांनी घोंगडी झटकून टाकली. पगाऱ्यांनी पाणी प्यायच्या आधी अंगणात कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले आणि पाटीवर आकृती काढली. मग कॉलेजात बोलतात तसल्या स्वच्छ मराठीत त्यांनी सगळं सांगितलं. मुक्काम, दुप्पट, तिप्पट, चौपट. शेवटी म्हणाले, "दादा, तो सूर आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

म्हातारा कागदाकडे बघत राहिला. मग हिरड्या दाखवत हसला.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "मी वाजाडूच ना. जव्हळ तू घर नई ऱ्हाय, तव्हळ."

मी बागलाणातल्या नातेवाइकांमुळे ती बोली जाणतो. पोरगा घरी नसला की ते वाजवत होते. दात पडेपर्यंत, दर लग्नात, शेवटी.

"मग मी असताना का नाही?" पगाऱ्यांनी विचारलं.

"तू शिकेल शे. बठ्ठासमोर सांगं तू. मी वाजाडतू तं तू खोटा पडता."

शिकलेल्या पोरानं सगळ्यांसमोर सांगितलेलं खोटं पडू नये, म्हणून. मला आधी संताप आला. चौदा वर्षांचे रविवार, सुमनचं नरसाळं, मेहुणीची वरात, आणि हा म्हातारा इथे निवांत वाजवत होता. बापलेकांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तर मी चौदा वर्षं दुपारी झोपलो असतो. मग माझी नजर पगाऱ्यांकडे गेली आणि संताप जागेवरच विरला. नामपूरच्या, सटाण्याच्या, आजूबाजूच्या प्रत्येक मांडवानं तो सूर ऐकला होता. कोणाच्या कोण वऱ्हाडी, घोडेवाले, वाढपी, सगळ्यांनी. गेल्या वीस वर्षांत ऐकला नव्हता तो एकट्या पगाऱ्यांनी. आणि आता तो वाजवणाऱ्याला दात नव्हते.

ते कागदावरच बसले होते, त्या लांबलचक आकड्यांवर. म्हणाले, "दादा, एकदा..."

दादांनी हात पुढे केला. पगाऱ्यांनी पिशवीतून कॉर्नेट काढून दिला. म्हाताऱ्यानं तो सदऱ्याला पुसला, हिरड्यांवर ओठ ताणले, गाल फुगवले आणि फुंकर घातली. चुलीत फुंकणीनं घालतात तसा नुसता वारा आला. त्यांनी ओठ ओले केले, पुन्हा फुंकलं. पुन्हा वाराच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दम संपेपर्यंत फुंकत राहिले. मानेच्या शिरा टरटरून वर आल्या. पगारे गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि त्यांनी कर्ण्याला कान लावला.

दादा थांबले. धाप लागली होती. सूर आला का, म्हणून त्यांनी विचारलं, "उना का रे?"

पगारे म्हणजे अर्ध्या केसानं सूर हलला तर माझ्याशी तासभर भांडणारा माणूस. चौदा वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्यांच्या गावची बोली एकदाही ऐकली नव्हती.

"उना, दादा," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं खात्री करून घ्यायला माझ्याकडे बघितलं. मीही हात जोडले आणि म्हटलं, "आला, बाबा. मला इथपर्यंत आला."